जागलीवरचा मोबाईल

पत्राचा सारांश: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका आईनं हे पत्र पाठवलं आहे. घरी पाच एकर वावर, एक बैलजोडी, दोन लेकरं. मुलगी बारावीला, धाकटा मुलगा आठवीत. मुलाला मोबाईलवरच्या बंदुकीच्या गेमचा जुनाच नाद आहे. हरभऱ्यात डुकरं येऊ लागली तसे बाप-लेक आळीपाळीनं जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जाऊ लागले. एका रात्री मुलगा वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, कानात हेडफोन घालून गेम खेळत बसला आणि डुकरांनी अर्धा एकर हरभरा उकरून, तुडवून टाकला. पहाटे वडील वावरात आले. त्यांनी मोबाईल हिसकून धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, दगडावर आपटला आणि बैल हाकायच्या काठीनं, तुतारीनं, पोराच्या पाठीत दोन ठेवून दिल्या. पोरगा उलटला, त्यानं बापाला ढकललं. बाप पाण्याच्या दांडात पडला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. शाळेच्या पालकसभेत सरांनी सांगितलं की असे गेम खेळणारी पोरं पुढे गुन्हेगार होतात. पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या म्हणतो, 'काकू, उलट याच्यानं डोकं तेज होते, राग निघून जाते.' आई विचारते: 'कोणाचं खरं मानू? पोट्टं पहिले असं नव्हतं. मागं गुरांवर लम्पी रोग आला तवा तीन राती बैलाजवळ बसून होता. गेमनंच त्याले मारकुटं केलं का? आन् फुटलेल्या मोबाईलले नवा स्क्रीन टाकाचे अठराशे सांगतात. टाकू का नको?'

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि लिहायला बसण्याआधी भाच्याला गाठलं. तोही आठवीतच आहे. म्हटलं, तू खेळतोस तो गेम मला शिकव. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तुमच्या मुलाचा गेमही तोच असावा. विमानातून पन्नास जण छत्र्या लावून उड्या मारतात. खाली रिकामी घरं, गोदामं, डोंगर. बंदूक, गोळ्या, हेल्मेट जे सापडेल ते उचलायचं आणि पळायचं, कारण खेळायचं मैदान चहूबाजूंनी आवळत येतं. दहाएक मिनिटांत खेळ आटोपतो. शेवटी जो उरतो, तो जिंकला.

मी पहिल्यांदा दीड मिनिटात मेले. मग भाच्यानं मला आपल्या चौघांच्या टोळीत घेतलं. तिथे गोळी लागून खाली पडलं, तर लगेच मरण येत नाही. सोबत्यानं धावत येऊन उठवलं की पुन्हा उभं राहता येतं. भाच्यानं मला तीनदा उठवलं. दर वेळी स्वतः गोळ्या खात खात आला. रक्त म्हणावं असं जवळजवळ दिसलं नाही. गोळी लागली की माणसाच्या अंगातून आकडे उडताना दिसतात, बाजारात काट्यावर उमटावेत तसे. मात्र छाती खरंच धडधडत होती. तेवढ्यात बहिणीनं स्वयंपाकघरातून चहासाठी हाक मारली, आणि मी 'थांब ना जरा!' म्हणून अशी खेकसले की ती दारात येऊन बघत राहिली. गेली कित्येक वर्षं मी तिच्याशी त्या आवाजात बोलले नव्हते.

हे मुद्दाम सांगते आहे. तुमच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा मला त्या खेकसण्यात दिसला. मला राग बंदुकीनं आणला नव्हता. ऐन मोक्यावर कोणी हात धरला, म्हणून तो आला होता.

कॅनडातल्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये नेमकं हेच तपासलं. हाणामारीचे गेम आणि मोटारींच्या शर्यतीचे गेम त्यांनी वेगवेगळ्या तरुणांना खेळायला दिले आणि नंतर कोण किती आक्रमक होतो ते पाहिलं. फरक पडला तो चुरशीमुळे. ज्या गेममध्ये चुरस जास्त, तो खेळल्यावर माणूस जास्त तापलेला असतो, मग त्यात गोळीबार असो की नुसती शर्यत. आपल्याकडच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोडी अर्ध्या पावलानं हरली की ती हाकणाऱ्या धुरकऱ्याचं तोंड कसं होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. त्या घडीला त्याच्याजवळ कोणी जाऊ नये.

आता सरांच्या बोलण्याकडे येते. सरांना काळजी आहे, हे मान्य. पण 'गेम खेळणारी पोरं गुन्हेगार होतात' हे विधान आजवरच्या अभ्यासात टिकलेलं नाही. ही भीतीही नवी नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत 'डेथ रेस' नावाचा एक गेम आला होता. त्यात गाडीखाली आकृत्या चिरडायच्या, आकृती किंकाळी फोडायची आणि तिथे क्रूस उगवायचा. त्यावर मोठं काहूर उठलं. १९९२ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' आला, तेव्हा प्रकरण अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेलं. त्यातूनच १९९४ मध्ये गेमवर वयाचे शिक्के मारायची पद्धत तिथे सुरू झाली. पुढे गेम घराघरांत पोचले आणि त्याच काळात, १९९०च्या दशकाच्या मध्यापासून, तिथल्या तरुणांमधली हिंसक गुन्हेगारी घटत गेली. गेमनं ती घटवली असं मी म्हणत नाही. पण गेमनं गुन्हेगार घडत असते, तर चित्र उलटं दिसायला हवं होतं.

२०१९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या १,००४ ब्रिटिश मुलामुलींचा अभ्यास केला. कोण कोणते गेम खेळतं ते मुलांना विचारलं, मुलाच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं, आणि गेम किती हिंसक हे अधिकृत वयाच्या शिक्क्यावरून ठरवलं. हिंसक गेम खेळणं आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना आढळला नाही. जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेनं प्रौढ माणसांना दोन महिने रोज मारधाडीचा गेम खेळायला लावला. आधी आणि नंतर मोजमाप केलं, तरी फरक दिसला नाही.

याची दुसरी बाजूही तुम्हाला सांगायला हवी, कारण ती तुमच्या धुऱ्यावर येऊन थांबते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या सगळ्यांत मोठ्या संघटनेनं २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा तपासली. हिंसक गेममुळे खरी हिंसा घडते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी म्हटलं. पण ओरडणं, ढकलाढकली करणं अशा वागण्याशी या गेमचा लहानसा का होईना संबंध दिसतो, हेही त्यांनी त्याच वेळी नोंदवलं. तुमच्या मुलानं तेच केलं, ढकललं. म्हणून 'गेमचा काडीचा दोष नाही' असं मी म्हणणार नाही. रात्रभर खेळून डोकं तापलेलं होतं आणि त्यात गेमचा वाटा होता. पण तो वाटा लहान आहे. त्या पहाटे धुऱ्यावर याहून मोठ्या गोष्टी हजर होत्या, त्यांच्याकडे आधी पाहू.

तुमच्या पत्रातला क्रम मी बोट ठेवून वाचला. मोबाईल फुटला. तुतारी पाठीत बसली, एकदा नाही, दोनदा. त्यानंतर मुलानं ढकललं. तुम्ही लिहिता, 'गेमनं त्याले मारकुटं केलं का?' पण त्या पहाटे पहिला हात उचलला होता तो मोठ्या माणसानं, ज्यानं तो गेम आयुष्यात कधी खेळला नाही.

मी तुमच्या घरच्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही, ताई. अर्धा एकर हरभरा म्हणजे काय, ते मला कळतं. शेतीची लाइन आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच येते, म्हणून माणूस रात्री पाणी द्यायला जातो आणि दिवसा पुन्हा वावरातच असतो. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलेलं, कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत, आणि उरलंसुरलं डुकरांनी नेलं. अशा पहाटे ज्याचा तोल जात नाही, असा माणूस विरळा. पण मारानं मूल कसं होतं, याबद्दलचा पुरावा गेमच्या पुराव्यापेक्षा पुष्कळ पक्का आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र केले. त्यात १ लाख ६० हजारांहून जास्त मुलं होती. ज्यांना मार बसत होता, त्यांच्यात उलट बोलणं, आक्रमकपणा आणि मनाची दुखणी जास्त आढळली. मारानं सुधारल्याचं दिसलं नाही. आणि हे सगळं उघड्या हाताच्या चापटीबद्दल होतं, तुतारीबद्दल नव्हे.

पालकसभेत सरांनी गेमवर बोलावं, पण तिथे हेही कोणीतरी सांगितलं पाहिजे. गेममध्ये गोळी मारली की आकडा उडतो. घरात हात उचलला की मूल शिकतं, 'राग आला की हात उचलायचा असतो, मोठी माणसं तसंच करतात.' हा धडा त्याला पडद्यावरचा कोणी परका देत नाही. ज्याच्यासारखं व्हावं असं त्याला वाटतं, तोच माणूस देतो.

दुसरी गोष्ट झोपेची, आणि याकडे पत्रात तुमचं लक्षच गेलेलं नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, असं डॉक्टर सांगतात. तुमचा मुलगा एक दिवसाआड रात्रभर माळ्यावर, सकाळी शाळेत आणि घरी असतो त्या रात्री गेमवर. त्याला नीट झोप मिळते तरी कधी? निजेला मुकलेलं तेरा-चौदा वर्षांचं पोरगं चिडकंच असतं, मग त्याच्या हातात मोबाईल असो की भागवत. आणि हा जागरणाचा दोष गेमच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही, अर्धा दोष जागलीचा आहे. आठवीतल्या मुलाला एकट्याला रात्री वावरात ठेवणं मला मुळातच पटत नाही. विंचू-काटा आहे, सापाचं भय आहे, आणि आपल्या जिल्ह्याच्या पांढरकवड्याच्या बाजूला वाघही आहे. तिथे कानात हेडफोन घालून बसलेल्या पोराला डुकराचा घुत्कार ऐकू आला नाही, तसं दुसरंही काही ऐकू आलं नसतं. त्या रात्री हरभराच गेला, हे मला थोडक्यात निभावल्यासारखं वाटतं.

तो माळ्यावर का खेळत बसला, याचाही विचार करा. हिवाळ्याची रात्र, भोवती अंधार, मैलभर माणूस नाही. तेरा-चौदा वर्षांचं लेकरू घाबरतं, पण 'बाबा, मला भीती वाटते' असं आपल्याकडच्या पोराला बोलता येत नाही. मोबाईलवर त्याचे तीन सोबती होते. ते त्याच्याशी बोलत होते, तो पडला की त्याला उठवायला येत होते. मी तुमच्या मुलाला भेटलेले नाही, त्यामुळे हेच कारण असेल असं छातीठोक सांगत नाही. तुम्ही त्याला विचारा. रागावून नाही, भाकर थापता थापता, त्याच्याकडे न बघता विचारा. पोरं अशा वेळी जास्त बोलतात.

पुतण्याचं म्हणणंही तपासून घेऊ. 'डोकं तेज होते' यात थोडं तथ्य आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवलं की असे वेगवान गेम खेळणाऱ्यांची नजर तरबेज होते. एका वेळी अनेक हलत्या गोष्टींवर लक्ष ठेवणं, डोळ्याच्या कोपऱ्यात काय हललं ते चटकन टिपणं त्यांना जास्त जमतं. हा फायदा खरा आहे. पण त्यानं बीजगणित सुटत नाही आणि धड्याखालचे प्रश्नही येत नाहीत. 'राग निघून जाते' हे मात्र पुतण्याला सोडून द्यायला सांगा. २००२ मध्ये एका प्रयोगात चिडलेल्या विद्यार्थ्यांना पिशवीवर ठोसे मारायला लावलं, चिडवणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून. राग उतरला नाही, आणखी चढला. जे काही न करता नुसते बसून राहिले, ते जास्त लवकर शांत झाले. आपल्याकडे रागावलेल्याला आधी पाणी प्यायला देतात, ते काही उगाच नाही.

म्हणजे सर चुकले आणि पुतण्याही बराचसा चुकला. दोघांचंही लक्ष पडद्यावरच्या बंदुकीवर होतं. बंदूक बाजूला ठेवली, तर मला तीन गोष्टींची जास्त काळजी वाटते.

पहिली वेळेची. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमचं व्यसन आपल्या आजारांच्या यादीत नोंदवलं आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्याची व्याख्या नीट समजून घ्या. खेळणं आवरत नाही, बाकी सगळ्याच्या वर गेम येतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि त्यामुळे शाळा, घर, नाती यांची खरोखर हानी होते. हे साधारण वर्षभर चाललेलं असेल, तर डॉक्टर आजार म्हणतात. एका रात्री हरभरा गेला म्हणजे व्यसन जडलं, असं होत नाही. तो शाळेत जातो का, गावातल्या पोरांत मिसळतो का, कबड्डीला जातो का, जेवतो का? पत्रात यातलं काही नाही, म्हणून तुम्हीच मनाशी ताडून बघा. गेला महिना मोबाईल फुटलेला आहे, ही तर आयतीच परीक्षा आहे. तो पहिले आठ दिवस तडफडला आणि मग पोरांत जाऊ लागला असेल, तर काळजी कमी करा. कोपऱ्यात बसून राहिला असेल, जेवण-झोप गेली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टरही बसतात.

दुसरी गोष्ट पैशाची. असे गेम फुकट असतात, पण आत कपडे, बंदुकीचे रंग, डायमंड म्हणजे खेळातलं चलन विकत मिळतं. चक्र फिरवा आणि नशीब आजमावा, असाही प्रकार असतो. भाच्यानं मला त्याचं एक जाकीट दाखवलं. ते घातल्यानं खेळात कणभर फरक पडत नाही, पण ते नसलेल्याला बाकीचे 'नवखा' म्हणून हिणवतात. तुमच्या फोनमध्ये बचत गटाचे व्यवहार असतील, बँक जोडलेली असेल. पिन मुलाला माहीत आहे का? असेल तर आजच बदला, आणि त्याच्यावर संशय म्हणून नव्हे तर घराचा नियम म्हणून बदला. आणखी एक खूणगाठ बांधा. पैसे लावून पैसे जिंकायचे गेम हा वेगळा प्रकार आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली. तुमच्या मुलाचा गेम त्यातला नाही. पण 'लगाव, डबल होईल' अशी जाहिरात त्याला त्याच फोनवर दिसू शकते. बंदुकीपेक्षा मला तिचं भय जास्त आहे.

तिसरी गोष्ट आवाजाची. खेळताना अनोळखी माणसं कानात बोलतात. मी पाऊण तास खेळले, त्यात ज्या शिव्या ऐकल्या त्या इथे लिहवत नाहीत. बोलणारा कुठला, किती वयाचा, काही कळत नाही. ही सोय बंद करता येते, किंवा फक्त ओळखीच्या मित्रांपुरती ठेवता येते. मुलाकडूनच ती बंद करून घ्या, त्याला दोन मिनिटांत जमेल.

'बंदच करून टाकू का?' असं इतर आयाही विचारतात, म्हणून थोडं लिहिते. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं पब्जी या अशाच बंदुकीच्या गेमवर बंदी घातली. पोरं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गेमवर गेली, आणि पुढच्या जुलैत तोच गेम भारतासाठी वेगळं नाव घेऊन परत आला. त्यात अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, पण मूल मोठ्या माणसाचं वय टाकून आत शिरलं की ती मर्यादा कागदावर राहते. आपल्याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद केला. त्या गावाची तळमळ मला समजते. पण मला जास्त भावलं ते सांगलीकडचं मोहित्यांचं वडगाव. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद होतात, मोठ्यांचेसुद्धा. मुलाच्या हातातून काढून घेतलेला मोबाईल बापानं आपल्या हातात धरला, तर त्या नियमाला लेकरू मान देत नाही.

आता तुमच्या घरापुरतं सांगते.

पहिलं काम गेमचं नाही, बाप-लेकाचं आहे. दोघं एकमेकांची वाट बघत असणार, हे मी पैजेवर सांगते. सुरुवात वडिलांनी करावी. माफी मागा म्हणून त्यांना सांगू नका, शब्द घशातून निघणार नाहीत. 'त्या दिवशी तुतारी नको होती माराले' एवढं एक वाक्य बोलले तरी पुष्कळ. मुलाकडूनही 'ढकलाले नको होतं' हे यायला हवं, पण नंतर. दोन्ही वाक्यं एकाच बैठकीत वसूल करायच्या मागे लागू नका. आणि यापुढे या घरात कोणीच कोणावर हात उचलणार नाही, हे तुम्ही दोघांसमोर स्पष्ट बोला. आईनं ठामपणे बोललेलं घरात टिकतं.

जागलीला मुलगा एकटा जाणार नाही. शेजारच्या वावरवाल्याशी बोला, दोन घरांनी मिळून एक माळा करा, मोठ्यांनी पाळ्या घ्याव्यात. शनिवारी रात्री मुलगा वडिलांसोबत जाऊ शकतो, सोबत साधा बटणाचा फोन, बॅटरी आणि वाजवायला डबा. आणि वन विभागाकडे नुकसानीचा अर्ज केलाय का? रानडुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई मिळते, पण पंचनामा वेळेत व्हावा लागतो. तो अर्ज भरायला मुलाला बसवा. ज्याच्या हातून नुकसान झालं, त्याला ते भरून काढायच्या कामात हात घालू द्या. त्याला मनातून जे खात असेल, ते माराने जाणार नाही, पण यानं थोडं हलकं होईल.

गेमसाठी वेळ ठरवा, मिनिटांत नाही, डावांत ठरवा. शाळेच्या दिवशी दोन डाव, सुट्टीच्या दिवशी पाच, असं काही. दहा मिनिटांचा डाव मध्येच तोडायला लावला की भांडण होणारच, कारण त्याच्या भरवशावर तीन जण उभे असतात. 'हा डाव झाला की ठेव' म्हटलं की बहुतेक मुलं ठेवतात, आणि नाही ठेवला तर उद्याचा डाव गेला. रात्री नऊनंतर घरातले सगळे फोन तुमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात झोपतील, मुलीचा आणि घरच्यांचासुद्धा.

एकदा त्याच्या शेजारी बसून बघा. 'हे काय आहे, हे कसं खेळतात' असं विचारा. मी सांगते, त्याचा चेहरा उजळेल. भाचा मला शिकवताना इतका गंभीर झाला होता, जणू मला सायकलच शिकवत होता. ज्या मुलाशी आपण त्याच्या खेळाबद्दल बोलू शकतो, तो पुढे खेळात कोणी पैसे मागितले, कोणी घाणेरडं बोललं, तर आपल्याला येऊन सांगतो.

ज्यांची मुलं याहून लहान आहेत, सात-आठ वर्षांची, त्यांना मात्र मी वेगळं सांगेन. प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमखाली वय लिहिलेलं असतं, ३, ७, १२, १६, १८. ते बघा आणि पाळा. मोठ्या मुलाबद्दलचा पुरावा लहानग्याला लागू करू नका. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग सांगतो की तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी मोठ्या माणसाला बाहुलीला बदडताना पाहिलं, की तीही तशीच बदडू लागायची, त्याच शब्दांसकट. लहान मूल नकलेतूनच शिकतं.

ताई, तुमच्या पत्रातलं लम्पीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ते 'पहिले असं नव्हतं' याचा दाखला म्हणून लिहिलंय. पण तेव्हाही तो गेम खेळायचाच, हे तुम्हीच चार ओळी आधी लिहिलंय. रात्री पडद्यावर माणसं टिपणारं तेच पोरगं गोठ्यात बैलाच्या अंगावरच्या गाठींना हळद आणि कडुनिंबाचा लेप लावत बसलं होतं, माशा हाकलत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. त्याला पडद्यावरचं मरण आणि गोठ्यातलं मरण यातला फरक कळत होता. तो आताही कळत असणार. तुमच्या घरच्यांनाही हे वाक्य वाचून दाखवा, तुमच्याच शब्दांत.

आणि स्क्रीन. टाका, पण या आठवड्यात नको. आधी बाप-लेक बोलू द्या, डावांचा नियम मुलाच्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लागू द्या, नुकसानीचा अर्ज जाऊ द्या. अठराशेपैकी थोडे मुलानं द्यावेत, सुट्टीच्या दिवशी वेचणीला जाऊन, आपल्याच वावरात, बाहेरच्या बाईला देता त्याच किलोच्या भावानं. आणि दुकानात फोन घेऊन जाताना तुम्ही जाऊ नका, त्या दोघांना एका गाडीवर पाठवा.